शूबर्टचा क्विंटेट पंचवीस वर्षं कुठे अडकला होता?

२ ऑक्टोबर १८२८. व्हिएन्नात राहणारा संगीतकार फ्रान्झ शूबर्ट लाइपझिगच्या प्रोब्स्ट या प्रकाशकाला पत्र लिहितो. निमित्त तगाद्याचं आहे. पियानो ट्रिओ (पियानो, व्हायोलिन आणि चेलो यांची रचना) पाठवून महिने झाले, तो छापून येणार तरी कधी? त्याला घालायचा ओपस क्रमांक (छापील रचनांचा अनुक्रमांक) माहीत नाही म्हणून काम अडलंय का? तो क्रमांक १००. एवढं विचारून झाल्यावर, हात धुऊन घ्यावा तसा तो नवा मालही पुढे करतो. एकट्या पियानोसाठी तीन सोनाटा तयार आहेत, त्या पियानोवादक-संगीतकार हुमेलला अर्पण करायचा विचार आहे. जर्मन कवी हाइनच्या काही कवितांना चाली लावल्यात, त्या इथे लोकांना फार आवडल्या. आणि दोन व्हायोलिन, एक व्हायोला (व्हायोलिनची थोरली बहीण), दोन चेलो (त्याहून खालच्या आवाजाचे) असा पाच वाद्यांचा एक क्विंटेट झालाय. सोनाटा आपण ठिकठिकाणी वाजवून दाखवल्या आहेत. क्विंटेटची तालीम मात्र येत्या काही दिवसांत व्हायची आहे. यातलं काही चालण्यासारखं असेल तर कळवा.

प्रोब्स्टने उत्तर दिलं, पण त्याला हवी होती गाणी आणि पियानोवरची खपणारी रचना. क्विंटेटबद्दल उत्सुकता नाही. १९ नोव्हेंबरला शूबर्ट गेला, वयाच्या एकतिसाव्या वर्षी.

या पत्रातल्या तीन जिनसांचं पुढे काय झालं ते ओळीने मांडलं की प्रकरण आपोआप उलगडतं. हाइनच्या कवितांवरची गाणी हास्लिंगर या व्हिएन्नाच्या प्रकाशकाने उचलली आणि ‘श्वानेनगेसांग’ या संग्रहात १८२९ सालीच बाजारात आणली. तिन्ही सोनाटा १८३९ साली छापल्या गेल्या. तोवर हुमेलही वारला होता, म्हणून प्रकाशकाने त्या संगीतकार रॉबर्ट शूमानला अर्पण करून टाकल्या. कुणाला काय अर्पण करायचं हे संगीतकार सोडून भलत्यानेच ठरवलं. आणि क्विंटेट? तो पहिल्यांदा लोकांपुढे वाजला १७ नोव्हेंबर १८५० रोजी, छापला गेला १८५३ साली. पत्र एक, लिहिणारा एक, आणि प्रकाशनाला लागलेली वर्षं एक, अकरा आणि पंचवीस.

ही पंचवीस वर्षं ‘दुर्लक्षित प्रतिभा’ या दोन शब्दांत गुंडाळायची आपल्याला सवय आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. हे दुर्लक्ष कमी आणि दुकानदारी जास्त होती. आणि तारवाद्यांच्या या संगीताची सुटका शेवटी ज्यांनी केली ते वाजवणारे होते, छापणारे नव्हेत.

त्या वेळी शूबर्ट कोण होता

व्हिएन्नाच्या प्रकाशकाला विचारलं असतं तर उत्तर आलं असतं: गाणी लिहिणारा, नाचाचे तुकडे आणि चार हातांनी वाजवायचे पियानोचे तुकडे लिहिणारा. घरोघरी पियानो होता, मुली गात होत्या, दोन मैत्रिणी एका पियानोवर शेजारी बसून वाजवत होत्या. हा ग्राहक रोज दुकानात येणारा. गाण्याला लागतात दोन माणसं, आणि ती बहुधा एकाच घरात सापडतात.

क्वार्टेट म्हटलं की चार माणसं आली, चौघांच्या सवडी आल्या, आणि चौघांचीही बऱ्यापैकी तयारी लागते. असे हौशी गट व्हिएन्नात पुष्कळ होते. शूबर्टच्या स्वतःच्या घरातच एक होता, वडील चेलोवर, भाऊ व्हायोलिनवर आणि फ्रान्झ व्हायोलावर. पण त्या गटांच्या टेबलावर हायडन, मोझार्ट, बेथोव्हन यांचे पार्ट, म्हणजे एकेका वादकाची पानं, पडलेले असत. चौथ्याचे कशाला विकत घ्यायचे?

पुरावा हवा असेल तर त्याच्या हयातीत छापलेले क्वार्टेट मोजा. एक. १८२४ सालचा ए मायनर या पट्टीतला, ओपस २९, शुपान्झिग या व्हायोलिनवादकाला अर्पण केलेला. याच शुपान्झिगने तो मार्च १८२४ मध्ये जाहीर मैफिलीत वाजवला आणि मग तो छापला गेला. ‘आधी वाजला, मग छापला’ हा क्रम लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

बाकीचे क्वार्टेट कपाटात. प्रयत्न केला नाही असं नव्हे. फेब्रुवारी १८२८ मध्ये माइन्झच्या शॉट कंपनीला त्याने जी यादी पाठवली तिच्यात डी मायनर आणि जी मेजर असे दोन क्वार्टेट स्पष्ट लिहिलेत. डी मायनरचा तो आज जगभर ‘डेथ अँड द मेडन’ म्हणून वाजतो. शॉटने दोन्ही छापले नाहीत. त्याच पत्राच्या शेवटी शूबर्ट जाता जाता सांगतो की आपल्याकडे तीन ऑपेरा, एक मास (चर्चमधल्या उपासनेचं संगीत) आणि एक सिंफनीही आहे. हे विकायला नव्हे, आपली धाव कुठवर आहे हे तुम्हाला कळावं म्हणून. फेरीवाल्याने टोपलीतली भाजी दाखवता दाखवता घरच्या बागेबद्दल बोलावं, तसं ते वाक्य आहे.

२६ मार्चला त्याने व्हिएन्नात फक्त स्वतःच्या रचनांची जाहीर मैफल केली. हयातीतली अशी ती एकच. तीनच दिवसांनी त्याच शहरात नावाजलेला व्हायोलिनवादक पागानिनी याची पहिली मैफल झाली आणि वर्तमानपत्रांना दुसरं काही सुचेना.

दहा गुल्डनची जुनी पानं

शूबर्ट वारला तो भाऊ फर्डिनांडच्या घरी. सप्टेंबरपासून तो तिथे राहायला आला होता. इमारत नवी, भिंती ओल्या. आज त्या केटनब्र्युकनगासवरच्या घरात छोटं संग्रहालय आहे. मृत्यूनंतर सरकारी माणसाने मागे राहिलेल्या वस्तूंची यादी केली. तीन कापडी डगले, तीन फ्रॉककोट, दहा विजारी, नऊ बंड्या: ३७ गुल्डन (तिथलं तेव्हाचं नाणं). एक टोपी, पाच जोड बूट, दोन जोड लांब बूट: २ गुल्डन. चार सदरे, नऊ रुमाल, तेरा जोड मोजे, चादरी वगैरे: ८. गादी, उशी, पांघरूण: ६. आणि शेवटी, काही जुनं संगीत: १०. एकूण ६३ गुल्डन.

या ‘जुन्या संगीता’त त्याची हस्तलिखितं होती असं समजून पुष्कळांनी गळे काढले आहेत. ते घाईचं आहे. ती बहुधा दुसऱ्यांची छापील पानं असावीत आणि शूबर्टचे स्वतःचे कागद यादीबाहेर, मित्रांकडे आणि भावाकडे असावेत. पण यादी एक गोष्ट बिनचूक सांगते: दहा विजारी असलेल्या या माणसाच्या घरात स्वतःचं असं एकही वाद्य नोंदलेलं नाही.

कागद आले फर्डिनांडकडे. तो शाळामास्तर, पदरी मोठं कुटुंब. त्याने गाणी, पियानोची आणि चेंबर संगीताची (मोजक्या वादकांच्या रचनांची) हस्तलिखितं मोठ्या गठ्ठ्याने डियाबेली कंपनीला विकून टाकली. हा अँटन डियाबेली म्हणजे ज्याच्या एका साध्या वॉल्ट्झवर बेथोव्हनने ३३ व्हेरिएशन्स लिहून ठेवल्या तोच. संगीत येणारा माणूस होता, अडाणी व्यापारी नव्हे. सिंफनी, ऑपेरा आणि चर्चचं संगीत मात्र फर्डिनांडकडेच राहिलं.

इथे प्रकरणाला खरी कलाटणी मिळते. फर्डिनांडकडे जे उरलं ते निदान पाहुण्यांना दाखवता येत होतं. शूमान व्हिएन्नात आला असताना फर्डिनांडने त्याला ते कागद दाखवले; त्यांतली मोठी सी मेजर सिंफनी शूमानने लाइपझिगला पाठवली आणि संगीतकार मेंडेल्सोनने ती तिथे २१ मार्च १८३९ रोजी वाजवून घेतली. डियाबेलीच्या कपाटातल्या मालाची मालकी डियाबेलीची. तिथे कुणी चहाला जाऊन कपाट उघडायला सांगत नाही.

डियाबेलीला खलनायक करणं सोपं आहे. पण त्याने केलं काय ते बघा. १८३० ते १८५० या वीस वर्षांत त्याने शूबर्टच्या मागे राहिलेल्या गाण्यांचे पन्नास भाग काढले. पन्नास! शूबर्ट गाण्यांमुळे युरोपभर पोचला तो बऱ्याच अंशी या पन्नास भागांवर. त्याच काळात क्विंटेट आणि जी मेजरचा क्वार्टेट त्याच्याच मालकीचे होते आणि जागचे हलले नाहीत. गाणी संपत आली तेव्हा कुठे दुकानदाराने वरच्या फळीवर हात घातला. माझ्या मते दोष असलाच तर हाच, की गाणी खपत होती तोवर त्याला वर बघायची गरजच पडली नाही.

दुसरा चेलो आडवा आला, असंही एक स्पष्टीकरण ऐकायला मिळतं: क्वार्टेट असलेल्या गटाला आणखी एक चेलोवाला आणायचा कुठून? मला ते पटत नाही. दोन चेलोंचे क्विंटेट बोक्केरिनीने शंभरावर लिहिले होते, आणि शूबर्टच्याच काळात जॉर्ज ऑन्स्लोचे तसे क्विंटेट छापले जात होते, विकलेही जात होते. चेलोवाले होते. शूबर्टकडून कुणी क्विंटेटची अपेक्षा करत नव्हतं, एवढंच.

सुटका

१८४९ साली योझेफ हेल्मेसबर्गर या व्हायोलिनवादकाने व्हिएन्नात स्वतःचा क्वार्टेट उभा केला. जाहीर मैफिलींची मालिका चालवायची तर नवं काहीतरी लागतं, आणि जुन्या माणसाचं न ऐकलेलं काम म्हणजे तर पर्वणीच. १७ नोव्हेंबर १८५० रोजी, शूबर्टच्या बाविसाव्या पुण्यतिथीच्या दोन दिवस आधी, या गटाने योझेफ स्ट्रान्स्कीला दुसऱ्या चेलोवर बसवून क्विंटेट वाजवला. तीन आठवड्यांनी, ८ डिसेंबरला, जी मेजरचा क्वार्टेट. मग छपाई: क्वार्टेट १८५१ मध्ये, ओपस १६१, क्विंटेट १८५३ मध्ये, ओपस १६३. तोवर दुकान डियाबेलीकडून स्पिनाकडे गेलं होतं. आधी वाजला, मग छापला. शुपान्झिगच्या वेळचाच क्रम.

हे ओपस क्रमांक कुणी गंभीरपणे घेऊ नयेत. ते शूबर्टने दिलेले नाहीत, दुकानाने चिकटवलेले आहेत. ओपस १२५ म्हणून १८३० साली जे दोन क्वार्टेट छापले गेले त्यांतला ई फ्लॅटमधला हा १८१३ चा, म्हणजे सोळा वर्षांच्या पोराने घरच्यांसाठी लिहिलेला. क्रमांक बघून तो प्रौढ काळातला वाटावा! हा घोळ निस्तरायला ओटो एरिश डॉइच या अभ्यासकाची कालानुक्रमे केलेली सूची यावी लागली, ती १९५१ साली. तिच्यात क्विंटेट आहे डी. ९५६, शेवटचा क्रमांक ९९८.

उशिरा छापल्याचा एक हिशेब पुढच्या पिढीतला संगीतकार ब्राम्स याच्या नावावर मांडावा लागतो. १८६२ मध्ये त्याने एक क्विंटेट लिहिला: दोन व्हायोलिन, व्हायोला, दोन चेलो. हा मेळ कुठून आला ते सांगायला नको; छापील शूबर्ट नऊ वर्षं बाजारात होता. ब्राम्सला तो तारांवर जमेना, त्याने तो दोन पियानोंसाठी केला, मग पियानो क्विंटेट केला, ओपस ३४, आणि तारांची प्रत नष्ट करून टाकली. शूबर्टचा क्विंटेट १८२९ मध्ये छापला असता तर ही शिकवणी शूमान-मेंडेल्सोनच्या पिढीला मिळाली असती.

दोन चेलो नेमकं काय करतात

एवढा आटापिटा कशासाठी, हे कानाने तपासायला हवं. मोझार्टने क्विंटेट लिहिताना दुसरा व्हायोला घेतला होता. शूबर्टने दुसरा चेलो घेतला आणि पहिल्या चेलोला तळाच्या कामातून मोकळं केलं.

पहिल्या मूव्हमेंटमध्ये (रचनेच्या चार भागांपैकी पहिल्यात) साधारण साठाव्या मापाला, म्हणजे आवर्तनाला, वादळ ओसरतं आणि दोन्ही चेलो ई फ्लॅटमध्ये एक धून गाऊ लागतात, गळ्यात गळा घालून. मग खालचा आधार कोण देतो? व्हायोला, तारा बोटाने छेडत. वर व्हायोलिन नुसती ठोक्यांच्या मधे मधे हुंकार भरतात. म्हणजे जमीन मधल्या मजल्यावर आणि गाणारे तळघरात. सगळं घर उलटं करून ठेवलंय आणि ऐकताना ते सगळ्यांत नैसर्गिक वाटतं.

दुसरी मूव्हमेंट अडाजियो, म्हणजे संथ, ई मेजर. दुसरं व्हायोलिन, व्हायोला आणि पहिला चेलो हे मधले तिघे लांब लांब स्वर धरून बसतात, इतके हळू बदलत की चाल आहे की नुसता श्वास, असं वाटावं. खाली दुसरा चेलो एकेक स्वर छेडतो. वर पहिलं व्हायोलिन दोन-तीन स्वरांचे तुकडे टाकतं आणि गप्प होतं. विलंबित ऐकायची सवय असलेल्या आपल्या कानाला ही जागा लगेच ओळखीची वाटेल. सवय नसलेले पहिल्या मिनिटाला घड्याळ बघतात. मग अचानक एफ मायनर: मघाचे शांत लोक अंगावर येतात, पहिलं व्हायोलिन आणि पहिला चेलो आक्रोशासारखी धून घेतात, दुसरा चेलो खाली अस्वस्थ धावतो. ते शमतं, पहिली धून परत येते, पण आता दुसऱ्या चेलोच्या खालच्या धावत्या आकृत्या थांबत नाहीत. झालेलं विसरता येत नाही, तसं.

तिसरीत स्केर्झो, म्हणजे चपळ, खेळकर भाग, गावच्या शिंगांसारखा दणदणतो आणि मधेच, ट्रिओ म्हणतात त्या मधल्या भागात, हलकी विश्रांती येण्याऐवजी डी फ्लॅटमध्ये जवळजवळ अंत्ययात्रा. सी ला सा धरा, म्हणजे डी फ्लॅट हा कोमल रे. चौथी मूव्हमेंट नाचत नाचत संपत आली आणि आता सा वर येऊन मोकळे होणार असं वाटतं, तोच हा कोमल रे पुन्हा डोकं काढतो आणि अगदी शेवटच्या स्वरावर पाचही जण कोमल रे ला शिवून सा वर आदळतात. आपल्या मैफिलीही भैरवीच्या कोमल रे नेच संपतात, पण त्या निरोपात समाधान असतं. इथे नाही.

जे परत मिळालं नाही

सुटका पूर्ण झाली नाही, कारण क्विंटेटचं मूळ हस्तलिखित आज उपलब्ध नाही. १८५३ ची छापील प्रत हीच सगळ्यांत जवळची साक्ष. याचे परिणाम आजही तालमीच्या खोलीत दिसतात.

पहिला परिणाम तारखेचा. शूबर्ट आपल्या कागदांवर बहुधा तारीख घालत असे. तीन सोनाटांपैकी शेवटचीवर २६ सप्टेंबर १८२८ आहे. क्विंटेटच्या जन्माचा दाखला म्हणजे प्रोब्स्टला लिहिलेलं ते पत्र. ज्या प्रकाशकाला क्विंटेट नको होता त्याच्याकडच्या पत्रामुळेच तो केव्हाचा ते आपल्याला कळतं.

दुसरा परिणाम जास्त नाजूक. शूबर्ट स्वरावर जोर द्यायची खूण, म्हणजे आडवी पडलेली व्ही, घाईत इतकी लांब ओढायचा की ती ‘आवाज हळूहळू कमी करा’ या खुणेसारखी दिसते. छपाईच्या पत्र्यावर खोदकाम करणाऱ्याने ती कशी वाचली यावर स्वर ठासून वाजतो की विरत जातो हे ठरतं. मोठ्या सी मेजर सिंफनीचं हस्तलिखित व्हिएन्नात जपलेलं आहे, तरी तिच्या शेवटच्या स्वरावरची खूण जोराची की विरण्याची, हा वाद संपलेला नाही. क्विंटेटच्या बाबतीत तर दाद मागायला वरचं कोर्टच नाही. खोदणाऱ्याने वाचलं ते वाचलं.

तिसरा संशयाचा. त्याच १८५३ साली त्याच स्पिनाने शूबर्टचा ऑक्टेट (आठ वाद्यांची रचना) छापला तो चौथी आणि पाचवी मूव्हमेंट गाळून. पूर्ण ऑक्टेट छापायला १८८९ उजाडलं. क्विंटेटला अशी कात्री लागल्याची खूण दिसत नाही, चारही मूव्हमेंट एकमेकींना नीट बांधलेल्या आहेत. पण ऑक्टेटची चोरी पकडता आली ती हस्तलिखित शाबूत होतं म्हणून.

भातखंड्यांनी घराण्यांकडून चिजा मिळवून स्वरलिपीत उतरवल्या तेव्हा लिहिलेलं खरं की गळ्यातलं खरं, ही तक्रार उठलीच. पण आपल्याकडे निदान गळा होता. शूबर्टच्या क्विंटेटला १८२८ ते १८५० गळाही नव्हता. पत्रात म्हटलेली ती तालीम झाली, शूबर्टने आपला क्विंटेट एकदा तरी ऐकला, असं सांगणारा एकही साक्षीदार नाही.

म्हणून आज पाच जण हा क्विंटेट बसवायला घेतात तेव्हा कोरी आवृत्ती, खोडरबर आणि पेन्सिल घेऊन बसतात. १९५२ मध्ये फ्रान्समधल्या प्राद इथे कासाल्स आणि तोर्तेलिए या चेलोवादकांनी व्हायोलिनवादक आयझॅक स्टर्न वगैरेंबरोबर केलेलं ध्वनिमुद्रण ऐका आणि नंतर अलीकडच्या एखाद्या गटाचं. त्याच खुणा, पण इथे ठासलेल्या तर तिथे विरलेल्या. शेवटच्या मापाला मात्र सगळे सारखेच दिसतात: पाच गज तारांवर टेकलेले, कोमल रे एवढासा, आणि लगेच सा.